वजनाचा राखाडी रकाना

“म्हणजे वजनाचा रकाना कुणालाच बदलता येत नाही?”

“कुणालाच नाही, वस्ताद. फक्त वाचायचा.”

“आणि आकडाच चुकीचा बसला असला तर?”

“चुकायला वाव ठेवला असता तर बसला असता.”

इलाही वस्ताद पुन्हा मातीकडे वळले. तालमीच्या हौदात उतरून ते फावड्यानं लाल माती वरखाली करत होते. भर दुपार होती. हौदात दुसरं कुणी नव्हतं.

काठावर अभिनंदन चौगुले उभा होता. हातात लॅपटॉप, अंगात पांढरा शर्ट, पायात बूट. तालमीत शिरताना बूट काढायचे राहिले होते. वस्तादांनी ते पाहिलं होतं आणि काही म्हटलं नव्हतं.

याच हौदात तो लहानाचा मोठा झाला. गुडघा गेला, कुस्ती सुटली. मग पुण्याला जाऊन संगणक शिकला, स्वतःची कंपनी काढली. यंदा जिल्हा कुस्ती संघानं निवड चाचणीची सगळी नोंदणी त्याच्याकडे दिली होती.

का दिली, हे जिल्ह्याला ठाऊक होतं. संघाच्या चाचणीत वजनं काट्यावर कमी आणि फोनवर जास्त ठरत. सकाळी बासष्ट किलो भरलेला पैलवान दुपारी सत्तावन्नच्या गटात लंगोट कसून उभा राहायचा. कुणी छापायला गेलं की संघाचे लोक पुरावा मागायचे. पुरावा संघाच्याच कपाटात असायचा. कपाटाची किल्ली अध्यक्षांच्या खिशात.

अभिनंदननं कपाटच काढून टाकलं. इंटरनेटवर तक्ता मांडला, कुणीही उघडून पाहावा असा. नाव, तालीम, फोन नंबर हे रकाने पांढरे; ज्या त्या तालमीच्या व्यवस्थापकानं ते भरावेत, चुकले तर दुरुस्त करावेत. वजनाचा रकाना मात्र राखाडी. काट्यावरचा आकडा एकदा भरला की चौकोन बंद. नंतर त्यावर कितीही बोट दाबा, अक्षर उमटत नाही.

“बघा, दाबून बघा,” अभिनंदननं लॅपटॉप पुढे केला.

वस्तादांनी मातीचं बोट पडद्यावर टेकवलं. काही झालं नाही. पडद्यावर लाल ठिपका तेवढा राहिला.

“घट्ट हाय,” ते म्हणाले.

“घट्टच पाहिजे. एकेक माणूस ओळखून आहे मी इथला.”

“मलाबी?”

अभिनंदननं ठिपका रुमालानं पुसला.

“पाटोळे सरांना तुम्हीच पाठवलंत ना माझ्याकडे?”

“कशाला?”

“चूक कबूल करायला.”

वस्तादांनी फावडं मातीत रोवलं.

“कबूल करायला बी आता माणूस पाठवावा लागतोय व्हय रं?”

पाटोळे सर हायस्कूलचे क्रीडाशिक्षक. सकाळी शाळेच्या हॉलमध्ये काट्यापाशी बसून आकडे भरायचं काम त्यांच्याकडे होतं. मुलींच्या रांगेत नव्या तालमीची दीक्षा पोवार पुढे होती, आणि तिच्या पाठोपाठ इलाही वस्तादांची शिवकन्या लोहार. दीक्षा उतरली, शिवकन्या चढली. सरांनी हिचं वजन तिच्या ओळीत आणि तिचं हिच्या ओळीत भरलं. लगेच ध्यानात आलं. दुरुस्त करायला गेले, तर दोन्ही चौकोन राखाडी.

सर धावत अभिनंदनकडे गेले. अभिनंदन म्हणाला, “सर, असं तर सगळेच म्हणतील.”

तक्त्यात आता शिवकन्या पंचावन्न किलो दोनशे ग्रॅमची होती. तिची नोंद पन्नासच्या गटात. म्हणजे बाद. दीक्षा तक्त्यात एकोणपन्नास सहाशे, आणि उतरणार पंचावन्नच्या गटात. वजन कमी भरलं म्हणून कुणी बाद होत नाही. तिच्या तालमीला तक्रारीचं कारण नव्हतं.

पन्नासच्या गटातून शिवकन्या गेल्यावर एकच तगडी पोरगी उरत होती. ती अध्यक्ष जयसिंगरावांच्या तालमीची. योगायोग असेल. संघात योगायोगांची मेहेरबानी नेहमी एकाच तालमीवर असते.

“पोरगी बघितलीस का?” वस्तादांनी विचारलं.

शिवकन्या दाराच्या पायरीवर बसली होती. शेजारी डबा उघडा, हातात अर्धं केळं. ती खातही नव्हती आणि टाकतही नव्हती. निवड झाली तर राज्याच्या क्रीडा वसतिगृहात तिला जागा मिळणार होती. नाही झाली तर सोमवारपासून मामाच्या बेकरीत खारी भरायची, हे घरी ठरलेलं.

“बघितली,” अभिनंदन म्हणाला. “काट्यावर पण उभी केली. मघाशीच. मीच केली.”

“मग?”

“एक्कावन्न भरली.”

“खाल्लंय तिनं.”

“तेच तर. खाऊन झाली, का आधीपासूनच होती? कुणी सांगावं?”

हे त्यालाही ठाऊक होतं आणि वस्तादांनाही. वजनाआधी पैलवान अन्न सोडतो, मग पाणी सोडतो, थुंकीसुद्धा गिळत नाही. काट्यावरून उतरला की पहिला हात केळ्याला आणि दुसरा बाटलीला. शिवकन्येनं तेच केलं होतं. पेज प्याली, केळी खाल्ली, बाटली रिकामी केली. सकाळचं वजन तिनं स्वतःच पोटात घालून मोडलं होतं, आता ते कुठल्याच काट्यावर सापडणार नव्हतं.

“एक्कावन्न म्हणजे पंचावन्न न्हवं,” वस्ताद म्हणाले.

“पन्नासही नव्हे.”

“मग तुझा तक्ता खोटा हाय एवढं तरी कळलं?”

“तक्त्यात काहीतरी घोळ आहे, मान्य. पण खरं काय ते कोण सांगणार? पाटोळे? त्यांच्या शब्दावर मी आकडा बदलू?”

“काय वाईट हाय पाटोळ्याच्या शब्दात?”

“शब्द आहे, हेच वाईट आहे.”

वस्ताद हौदाच्या काठावर टेकले. गुडघ्यावरची माती झाडली. बराच वेळ झाडत राहिले...

अभिनंदनचा आवाज खाली आला. “वस्ताद, मी तुम्हाला मानतो म्हणून स्वतः आलो. मी रकाना उघडला, तर उद्या जिल्हा म्हणेल, अभ्यानं आपल्या वस्तादाच्या पोरीसाठी उघडला.”

“मी कुठं म्हटलं उघड म्हणून?”

“मग काय म्हणताय?”

“इचारतोय नुसतं. उघडतोय कुणाला त्यो?”

“कुणालाच नाही, सांगितलं ना.”

“आत्ता म्हणालास, मी उघडला तर.”

“मला उघडतो,” अभिनंदन म्हणाला.

“तुला.”

“कुणाला तरी ठेवावाच लागतो, वस्ताद. बनवणाऱ्याला असतोच.”

“म्हणजे कुणालाच न्हाई म्हणालास ते...”

“मी बदलणार नाही. म्हणून कुणालाच नाही.”

वस्ताद हसले. पोट हलेपर्यंत हसले. दारातून शिवकन्येनं वळून पाहिलं.

“लई सोपं केलंस. सगळी दुनिया चोर, एक अभ्या सोडून.”

“थट्टा करा. पण एवढ्या वर्षांत पहिल्यांदा वजनाला हात लागलेला नाही.”

“सकाळी वजनं झाल्यावर मैदानावर कुणाच्या गाडीतनं आलास?”

अभिनंदननं मान वर केली.

“जयसिंगरावांच्या. वाटेत भेटले, बस म्हणाले.”

“मांडीवर हे यंत्र होतं.”

“असणारच. माझं काम आहे ते.”

“उघडं होतं का मिटलेलं?”

“वस्ताद, माझ्यावर संशय घेताय?”

“घेऊ नको?”

“मी एक आकडा इकडचा तिकडे केलेला नाही.”

“कशावरनं?”

अभिनंदननं लॅपटॉप उघडला. दाखवण्यासाठी उघडला आणि तसाच धरून राहिला. तक्त्यात आकडा दिसत होता. तो कुणी लिहिला, कधी लिहिला, आधी काय होता, यातलं काहीच दिसत नव्हतं. ते दाखवायची गरज त्याला वाटली नव्हती. जे बदलणारच नाही त्याची नोंद कशाला?

“तुम्हाला माझ्या शब्दावर...” तो बोलता बोलता थांबला.

“बोल की.”

...

“पाटोळ्याच्या शब्दावर तुझा इस्वास न्हाई,” वस्ताद म्हणाले. “पोरीच्या न्हाई. काट्यावर बी न्हाई. आणि तुझ्यावर मी ठेवायचा.”

लॅपटॉपचा पडदा आपोआप विझला.

“बूट काढ,” वस्ताद म्हणाले. “ये खाली.”

“आता?”

“मग काय मुहूर्त काढू?”

अभिनंदननं बूट काढले, विजारीचे पाय दुमडले आणि तो हौदात उतरला. किती वर्षांनी उतरत होता कोण जाणे. पाय मातीत रुतल्याबरोबर त्याचे खांदे आपोआप पुढे झुकले, हात पसरले. वस्ताद सत्तरीच्या पुढचे. तेही समोर वाकून उभे राहिले.

अभिनंदननं सवयीनं मूठभर माती उचलली. वस्तादांच्या खांद्यावर टाकली, दंडावर चोळली. वस्तादांनी पाठ दिली. त्यानं पाठीवरही टाकली.

कुस्तीआधी हे करायचंच असतं. घामाच्या अंगावर पकड बसत नाही, मातीनं बसते. म्हणून आपल्या अंगावर समोरच्याच्या हातानं माती टाकून घ्यायची. ‘मला धर’ म्हणून सांगायची ती पैलवानाची रीत आहे.

मग वस्ताद वाकले. त्यांनी मूठ भरली आणि हात उचलला.

अभिनंदन एक पाऊल मागे सरला.

“वस्ताद, शर्ट... संध्याकाळी मंचावर बसायचंय.”

वस्तादांची मूठ तशीच हवेत राहिली.

“माझ्या अंगावर टाकलीस,” ते म्हणाले.

“अंगाला तेल चोपडून हौदात उतरणाऱ्याला आपण काय म्हणायचो रं?” त्यांनीच पुढे विचारलं.

अभिनंदनला तो शब्द माहीत होता. या हौदातल्या प्रत्येकाला माहीत असतो. समोरच्याला पकड मिळू नये म्हणून तेल लावलेला असा पैलवान सापडला की त्याची कुस्ती खेळवत नसत, त्याला हलगी वाजवत वेशीपर्यंत सोडून येत. लहानपणी तोही त्या घोळक्यात नाचला होता.

त्यानं शब्द उच्चारला नाही. वस्तादांनीही पुन्हा विचारलं नाही. मुठीतली माती बोटांमधून सांडत होती.

बाहेर रस्त्यावरून लाउडस्पीकरची रिक्षा गेली. पाच वाजता मैदानावर चला, मातब्बर पैलवानांच्या कुस्त्या, अध्यक्ष जयसिंगराव यांच्या शुभहस्ते...

अभिनंदन पुढे आला. वळला. पाठ वाकवून उभा राहिला.

वस्तादांनी पंजा मारला. आवाज दारापर्यंत गेला. पांढऱ्या शर्टावर पाचही बोटं लाल उठली.

मग ते फावडं घेऊन पुन्हा माती उकरू लागले. जा म्हणाले नाहीत, थांबही म्हणाले नाहीत.

पाच वाजता मैदान भरलं. मंचामागे मोठा पडदा, पडद्यावर तक्ता. मुलींच्या पन्नास किलो गटाची नावं पुकारायच्या आधी अभिनंदन उठला आणि माईकपाशी गेला. तो पाठमोरा झाला तेव्हा पुढच्या रांगेत हसू फुटलं.

“वस्तादाचा पंजा घेऊन आलाय बघा,” नव्या तालमीतला एकजण ओरडला. “मोहोर मारून सोडलाय.”

अभिनंदननं ऐकलं आणि तो माईकवर म्हणाला, “वजनाचा रकाना मी उघडतोय. सगळ्यांनी बघा.”

पडद्यावरचा राखाडी रकाना पांढरा झाला.

जयसिंगराव खुर्चीतून न उठता म्हणाले, “चौगुले, हे नियमात नाही.”

“नाही साहेब.”

“नियम तुम्हीच केलाय.”

“मीच केलाय. चुकीचा केलाय.”

त्यानं पाटोळे सरांना वर बोलावलं. सर घाबरत आले. सकाळी काय झालं ते त्यांनी चार वाक्यांत सांगितलं. तिसऱ्या वाक्याला खालून शिट्ट्या आल्या. कुणी म्हणालं, मास्तराला किती मिळाले विचारा.

तेव्हा मुलींच्या घोळक्यातून दीक्षा पोवार उठली. हात कमरेवर.

“पंचावन्न दोनशे माझंच हाय,” ती म्हणाली. “तिच्या नावावर का लावताय? वाढवायला दोन महिने दूध पिलंय मी.”

मैदान हसलं. जयसिंगराव हसले नाहीत.

“मग सकाळी का बोलली नाहीस?” त्यांनी विचारलं.

“इचारलं कुणी?”

अभिनंदननं दोन्ही आकडे दुरुस्त केले. मग त्यांच्या शेजारी, सगळ्यांसमोर, एक नवा रकाना जोडला. आधी काय होतं, कुणी बदललं, कुणाच्या शब्दावर. तिथं स्वतःचं नाव लिहिलं, पाटोळे सरांचं लिहिलं, दीक्षाचं लिहिलं. तो रकाना त्यानं राखाडी केला.

“हा आता मलाही उघडत नाही,” तो म्हणाला. पांढऱ्या झालेल्या वजनाकडे बोट दाखवून पुढे म्हणाला, “आणि वजन बदलायचं तर इथं नाव लिहिल्याशिवाय बदलत नाही. मी बदलत असलो तरी.”

“याचा अर्थ कळतोय का तुम्हाला?” जयसिंगराव खालच्या आवाजात म्हणाले. “आता कुणीही उठेल, तुमच्यावर बोट ठेवेल.”

“उठू दे.”

शिवकन्या त्या संध्याकाळी लढली. पहिली कुस्ती तिनं गुणांवर काढली. शेवटची, अध्यक्षांच्या तालमीच्या पोरीशी, ढाक मारून चितपट. ताबडतोब हरकत दाखल झाली. चार दिवसांनी संघाच्या बैठकीत ती दोन तास चघळली गेली आणि पडली. नव्या रकान्यात तीन माणसांची नावं होती, तिघांनाही बोलावलं गेलं, तिघंही एकच बोलली. शिवकन्येच्या वसतिगृहाचा कागद निघाला. बेकरीत मामानं दुसरी मुलगी ठेवली.

त्याच बैठकीत दुसरा ठराव झाला. विश्वासाला तडा गेल्यामुळे नोंदणीचं काम चौगुले यांच्याकडून काढून घेण्यात येत आहे. वर्षानुवर्षं फोनवर वजनं ठरवणाऱ्यांनी हात वर करून विश्वास या विषयावर एकमतानं मत दिलं. कुणाचा हात थरथरला नाही.

बैठकीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अभिनंदन तालमीत आला. बूट दाराबाहेर काढून आला. पोरं जोर काढत होती. इलाही वस्ताद काठावर बसून त्यांच्या कमरा बघत होते.

“काम गेलं, वस्ताद.”

“कळलं.”

“जो तो अडवतोय. पेट्रोल पंपावर, हॉटेलात. अजून काय काय बदललंस म्हणून विचारतोय. जयसिंगरावांचा माणूस म्हणतो मी तुमचा. तुमची पोरं म्हणतात मी जयसिंगरावांच्या गाडीतला. एकाला दाखवावं तर दुसरा उभा. उत्तरं देऊन देऊन तोंड दुखलं.”

“देतोस का पण?”

“देतो. नाव आहे ना तिथं. जाणार कुठं?”

एका पोराला वस्तादांनी ‘कंबर खाली’ म्हणून सांगितलं. दुसऱ्याला नुसतं बोटानं.

“तुम्हाला तरी खात्री पटली का?” अभिनंदननं विचारलं. “त्या दिवशी गाडीत मी काही केलं नव्हतं, याची?”

वस्ताद उठले. धोतराचा काचा मारला आणि हौदात उतरले.

“न्हाई,” ते म्हणाले. “पण आता तुझ्याशी कुस्ती धरता येईल.”